मूठभर मायाळू

कुंदा,

काल दुपारी उषाबेन वरच्या गॅलरीतून ओरडल्या, "मीनाबेन, आपका बेल हमारी रस्सी पे चढ गया, कपडे कहाँ सुखाऊँ?" बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. आजवर त्या "कुंदाबेन का बेल" म्हणत आल्या होत्या. त्या आत गेल्या आणि मी हातात बादली धरून खालीच उभी राहिले.

तुझे दिवसवार होऊन गेले. लालबागहून आलेली माणसं परत गेली. घर आवरून झालं. मला वाटलं होतं, आता निदान काळजी तरी संपेल. माणूसच नाही तर काळजी करायची कुणाची? पण तसं होत नाही गं. चहाचं आधण ठेवलं की तोंडातून निघतंच, "कुंदा, गोळी घेतलीस?" पहिल्यांदा असं झालं तेव्हा तुझ्या भाऊजींनी पेपरातून मान वर केली होती. आता करत नाहीत. म्हणजे मी रोजच विचारत असणार.

तुझ्याशी बोलायचं पुष्कळ राहिलंय. आपलं भांडणसुद्धा अर्धवटच राहिलंय. म्हणून हे लिहितेय.

तुझ्या हृदयातला वॉल बदलला तेव्हा तू पंचविशीत होतीस. लहानपणीचा तो ताप, सांधे सुजणं, मग हृदयाची झडप खराब झाल्याचं निदान, हे सगळं आईनं निभावलं. ऑपरेशनही तिनं पार पाडलं आणि मग वर्षभरात तीच गेली. शेवटी ती मला काही बोलली नाही. नुसतं तुझ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या बघण्यातून मी कधी सुटलेच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत. लालबागची आपली खोली तिसऱ्या मजल्यावर. आपल्याला झेपेल अशी तळमजल्याची जागा मिळाली ती थेट इथे, भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूला. टेम्पोतून उतरलीस तेव्हा आजूबाजूला अर्धवट बांधलेल्या इमारती, मधे चिखल आणि लांबवर मिठागरांतले पांढरे ढीग. तू सगळीकडे एकदा बघून घेतलंस आणि म्हणालीस, "ताई, जिना टाळायला तू मला हॉस्पिटलपासून इतकं लांब आणलंस?"

हसत म्हणालीस. पण दहिसरची खाडी ओलांडल्यापासून माझ्याही मनात तेच चाललं होतं. काही झालं तर? फोन नाही, टॅक्सी मिळत नाही, रिक्षा स्टेशनाशिवाय दिसत नाही. तुला काय होऊ शकतं याचे सगळे प्रकार मला पाठ होते आणि त्या दिवसापासून प्रत्येकाला मी एक रस्ता शोधत बसले.

मागच्या दाराबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ती चिंचोळी पट्टी होती. वर बिल्डरनं टाकलेला राडारोडा, खाली खारी माती. तुला तिथे बाग करायची होती. तुळस आठवड्यात करपली. मोगऱ्याची पानं कडेनं तपकिरी झाली. कढीपत्त्याचं रोप उपटून बघितलंस तर मुळं काळी पडलेली. प्यायचं पाणी टँकरचं, बोअरचं पाणी खारट. झाडांना घालणार काय? मला तर आतून बरंच वाटत होतं. खणायचं नाही, वाकायचं नाही, बादल्या उचलायच्या नाहीत.

आणि मग खारीगावातली हिराबाय भाजीची पाटी घेऊन दारात आली. तिच्या पाटीत जाड, लालसर देठांची जुडी होती. तू विचारलंस, ही कुठली भाजी? "मायाळू हाय ती. लाव गं बाय. या मातीत दुसरं काय जगाचं न्हाय, ही जगंल. हिला ऊनच पायजे." तिनं एक जाडसर कांडी तुझ्या हातात दिली. तू ती तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचलीस. भाऊजींना सांगून काशीगावच्या बाजूहून लाल मातीचं पोतं आणवलंस. मीही काही म्हटलं नाही. मला वाटलं, हेही मरेल.

एप्रिलचे दिवस होते. पत्रे तापत होते, माणसं दारं लावून पडत होती, बाजारातला पालक दुपारपर्यंत मान टाकत होता. आणि त्या डब्यातून जे वर आलं ते थांबेचना. जितकं ऊन तितका त्याला जोर. आधी खिडकीच्या गजांवर, मग सुतळी बांधून दिलीस त्यावरून पाइपावर, पाइपावरून उषाबेनच्या गॅलरीपर्यंत. पानं कशी, तळहाताएवढी, जाड, तुकतुकीत, तेल लावल्यासारखी. उषाबेन वरून वाकून बघत म्हणाल्या, "अरे, ये तो पोई है! पोई ना भजिया!" आणि त्यांनी पानं खुडून, बेसनात बुडवून, तळून एक थाळी खाली पाठवली.

ती थाळी मी तुझ्यासमोरून उचलली. आठवतं?

ऑपरेशननंतर तुला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती, ती जन्मभराची. घरी सोडताना डॉक्टर घाईत म्हणाले होते, पालेभाज्या जरा जपून. गोळी रक्त पातळ करते आणि हिरवी भाजी त्याच्या उलट जोर लावते. त्यांनी "जपून" म्हटलं आणि मी "बंद" ऐकलं. मेथी बंद, पालक बंद, कोथिंबीरसुद्धा मी बेतानं घालायची. आणि तू काय लावलंस, तर पालेभाजी! साऱ्या जगात दुसरं काही नव्हतं लावायला?

"लावलीय. खाईन असं कुठे म्हटलंय?" तू म्हणालीस.

"मग लावलीस कशाला?"

"काहीतरी माझ्या हातून वाढतंय, ते बघायला."

दोन वर्षं तू तो वेल वाढवलास आणि त्याचं एक पान तोंडात घातलं नाहीस. भाऊजींना डाळ घालून करून द्यायचीस, उषाबेनना जुडी द्यायचीस, हिराबायला तिचीच भाजी परत द्यायचीस. आम्ही जेवत असताना तू आमच्या पानांकडे बघायचीस आणि मी तुझ्याकडे.

पहिल्या हिवाळ्यात वेलाला फळं आली. काळी-जांभळी, मिऱ्याएवढी. इमारतीतल्या पोरी ती चुरडून नखं रंगवायला लागल्या. तू घरी शिकवण्या घ्यायचीस तिथल्या मुलांना शाई करून दाखवायला म्हणून एकदा वाटीभर फळं पिळलीस. मी बाजारातून आले तर तू मोरीत उभी, कोपरापर्यंत हात जांभळे. मी पिशवी टाकली. गोळी जास्त झाली की कातडीखाली रक्त उतरतं, काळेनिळे डाग पडतात, हे मला माहीत होतं. मी तुला हाताला धरून ओढत रस्त्यापर्यंत आणलं. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या आपण. रिक्षावाला विचारतोय, "कहाँ जाना है?" आणि तू हसून हसून बोलू शकत नाहीस. शेवटी तू तोंडात बोट घालून चोखलंस आणि मला दाखवलंस. बोट स्वच्छ. "शाई आहे ताई, शाई! चल घरी, लोक बघतायत."

ती गोष्ट पुढे तू सगळ्यांना सांगायचीस. माझी नक्कल करून. मीही हसायचे. पण मला काय वाटलं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. रस्त्यावर त्या क्षणी मी तुला नेत नव्हते, कुंदा. मी आईला उत्तर देत होते.

मग तो मे महिना. तुला ताप आला. साधाच, तीनचार दिवसांत उतरला. पण तोंडाची चव गेली, तू नुसत्या पेजेवर होतीस. उठून हिंडायला लागलीस तेव्हा दंडावर मला जांभळा डाग दिसला. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, "फळं गं. पोरींसाठी पिळत होते." आणि गाऊनची बाही खाली ओढलीस.

मी विश्वास ठेवला. मागच्या वेळचं हसू झालेलं आठवत होतं ना. मनाला बजावलं, मीना, पुरे कर आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाचं धुवण घेऊन मी मागच्या दारी गेले. वेलाच्या बुडाशी ओतलं आणि सहज वर बघितलं. वरपर्यंत नुसती पानं. हिरवीगार, माजलेली पानं. फळ एकही नाही. फळं हिवाळ्यात येतात, कुंदा. मे महिन्यात नाहीत. पातेलं माझ्या हातातून पडलं, त्याचा आवाज ऐकून तू दारात आलीस. माझा चेहरा बघितलास आणि तुला सगळं कळलं. तू स्वतःच बाही वर केलीस. डाग कोपराच्या खाली उतरला होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय, हे तू तेव्हा सांगितलंस.

तसेच हॉस्पिटलला निघालो. उषाबेनच्या मिस्टरांनी त्यांची गाडी काढली. घोडबंदरच्या नाक्यावर ट्रक अडकलेला, भर उन्हात आपण उभे. मी तुझ्या हाताला हात लावत नव्हते. दाबला तर तिथेही डाग पडेल म्हणून.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तुलाच विचारलं, मला नाही. "किती दिवस नीट जेवला नाहीत?" "चारपाच." "आणि गोळी?" "तेवढीच, रोजची." त्यांनी मान हलवली. जेवण सुटलं आणि गोळी चालू राहिली, त्यामुळे रक्त फार पातळ झालं होतं. त्यांनी गोळी थांबवली, इंजेक्शन दिलं, ठेवून घेतलं. निघायच्या दिवशी त्यांनी नीट समजावलं. "पालेभाजी बंद कुणी करायला सांगितली? बंद नका करू. फक्त आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही, असं नको. रोज साधारण सारखी खा. त्या हिशेबानं आम्ही गोळी बसवू. आणि जेवण तुटलं, ताप आला, तर लगेच इकडे या."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जशी काही कोर्टात जिंकलीस.

मी विचारलं, "आणि चुकून जास्त खाल्ली तर?"

"रोजच्यापेक्षा फार जास्त, बरेच दिवस, तर गोळीचा जोर कमी पडतो. मग वॉलवर गुठळी होऊ शकते."

त्यांच्या सगळ्या बोलण्यातला हा एकच शब्द मी घरी घेऊन आले.

त्या संध्याकाळी आपण भांडलो. तसं भांडण आधी नाही आणि नंतर नाही. मी म्हटलं, "खोटं बोललीस. माझ्या तोंडावर."

"हो, बोलले."

"का पण?"

"तुझा चेहरा बघवत नाही म्हणून! मला साधं खरचटलं तरी आधी तू पांढरी पडतेस. मग मी माझं दुखणं बाजूला ठेवून तुला धीर द्यायचा. आजारी मी आहे की तू, ताई?"

"मेली असतीस!"

"मेले असते. पण तोपर्यंत जगले तर असते! तू मला इतकी वर्षं मरणाच्या दारात बसवून ठेवलंयस आणि वर विचारतेस, बरं वाटतंय ना?"

भाऊजी मधे पडायला गेले तर तू त्यांना हातानंच थांबवलंस. स्वयंपाकघरातली सुरी घेतलीस आणि मागच्या दारी गेलीस. अंगठ्याएवढं जाड झालेलं ते मायाळूचं खोड बुडाशी धरलंस आणि कापलंस. "घे. तुझी भीती कापली. आता काय बघशील रोज?" वरचा सगळा वेल तसाच लटकत राहिला, त्याला अजून कळलंच नव्हतं. तू धापा टाकत भिंतीला टेकलीस. संध्याकाळच्या त्या शांततेत तुझ्या छातीतला वॉल ऐकू येत होता. टिक, टिक, टिक. घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा घाईत. पाहुणे आले की तू तो आवाज त्यांना गमतीनं ऐकवायचीस. मी मात्र आयुष्यभर त्याच्याकडे कान लावून होते. त्या संध्याकाळीसुद्धा, इतकी चिडलेली असूनही, मी तो नीट आहे ना हेच ऐकत होते.

दोन दिवसांत वरची पानं लोळागोळा झाली. उषाबेननी काही न विचारता गॅलरीतला वेल सोडवून खाली टाकला. आपण दोघी एका घरात, पण कामापुरतंच बोलत होतो.

मी रोज सकाळी त्या बुंध्यावर तांदळाचं धुवण ओतायला लागले. तुला दिसू नये म्हणून तू आंघोळीला गेलीस की. मला त्या वेलाचं प्रेम होतं म्हणून नाही. तुला मोकळी राहिलेली ती भिंत दिवसभर बघत बसायची सवय लागली होती आणि त्याची मला वेलापेक्षाही जास्त भीती वाटत होती. मेचं ऊन होतं. आठवड्याच्या आत कापल्या जागेच्या बाजूनं लाल टोक निघालं, मग दुसरं. एक दिवस मी धुवण घेऊन गेले तर तिथे नवी सुतळी बांधलेली. खालपासून गजांपर्यंत, ताठ. त्या दिवशी जेवताना तू माझ्याकडे लोणच्याची बरणी सरकवलीस.

तिथून आपली खरी चांगली वर्षं सुरू झाली. रोज मूठभर मायाळू. उन्हाळ्यात मेथी-पालकाचे हाल असायचे, आज मिळाला तर उद्या नाही. पण या वेलानं सहसा आपल्याला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. हिवाळ्यात जरा रोडावायचा तेव्हा तू पानं आधीपासून राखून ठेवायचीस. शेंडे खुडायचीस म्हणजे बाजूनं फुटवे येतील. कधी मूगडाळ घालून, कधी ताकातली, लसणाची फोडणी देऊन, कधी मी जवळा घालून करायचे. बुळबुळीत लागते म्हणून भाऊजी आधी नाक मुरडायचे, मग तेच म्हणायला लागले, "आज मायाळू नाही?"

आणि मूठ कुणाची, यावर आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायचे तुझी मूठ, तू म्हणायचीस माझी, कारण माझी मोठी. देठ मुठीत धरायचे की नाही? शिजवायच्या आधीची मूठ की चिरल्यानंतरची? मी ताटातलं पान उचलून परत पातेल्यात टाकायचे आणि तू माझ्यादेखत ते परत काढून घ्यायचीस. उषाबेन हे ऐकून म्हणायच्या, "तुम दोनों का झगडा सुन के मेरी चाय बनती है." भांडण होतं ते, पण आता घरात कुणी तसं भांडत नाही तर भाजीला चव नाही.

तू बदललीस. भाईंदर पश्चिमेला टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला जायला लागलीस. महिन्याची तपासणी आली की म्हणायचीस, "मी एकटी जाईन. तू आलीस की माझं रक्त आणखी पातळ होतं." मी गेटपाशी उभी राहायचे. लांबून तुझी निळी छत्री दिसली की आत येऊन असं भासवायचे की मी केर काढत होते. तुला कळत होतं का गं? कळतच असणार.

तुझं म्हणणं होतं, काळजी करून काही होत नाही. माझं म्हणणं होतं, मी काळजी केली म्हणून तू आहेस. हे भांडण आपण कधी संपवलं नाही. आणि मग ती सकाळ आली.

तू मागच्या दारात पाटावर बसून पानं निवडत होतीस. मी कणीक मळत होते. तू "ताई" म्हणालीस, पण तो शब्द नीट उमटला नाही, ओला होऊन आल्यासारखा आला. वळून बघितलं तर उजव्या हातातलं पान खाली पडलेलं आणि तू ते डाव्या हातानं उचलायला बघत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नवल होतं. इतकी वर्षं मी ज्याची तयारी करत होते, ते आलं तेव्हा माझे हात कणकेत होते.

यावेळी सगळं होतं, कुंदा. घरात फोन होता. गाडी होती. रस्ता मोकळा होता. सगळं वेळेवर झालं आणि तरी दोन दिवसांनी तू गेलीस. वॉलवरची गुठळी सुटून मेंदूत गेली, असं त्यांनी सांगितलं.

मी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "भाजीमुळे झालं का? मागच्या आठवड्यात लग्नाला गेली होती, तिथे काही जास्त खाल्लं असेल?" ते वयस्कर होते. त्यांनी तुझे रिपोर्ट माझ्यासमोर धरले. "हे बघा. याच महिन्यातलं. अगदी हवं तसं आहे. त्यांनी फार नीट सांभाळलं होतं. कधीकधी सगळं बरोबर असूनही होतं, बाई. भाजीचा काही दोष नाही."

भाऊजींना त्या बोलण्यानं धीर आला. मला नाही आला. सगळं बरोबर असूनही होत असेल, तर मी इतकी वर्षं काय करत होते? मग तुझंच खरं होतं का? आणि माझंच खरं असेल, तर त्या आठवड्यात माझं लक्ष कुठे होतं? मी अंथरुणावर पडून दोन्ही बाजूंनी बोलते, तुझ्याही आणि माझ्याही. तू असतीस तर निदान तुझं बोलणं तू बोलली असतीस.

हे एवढं लिहून मी थांबणार होते. पण आज दुपारी एक गोष्ट घडली, ती तुला सांगायलाच हवी.

दार वाजलं. बाहेर एक बाई, माझ्याहून लहान, आणि तिच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांची मुलगी. बाईच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मायाळूची जुडी. "कुंदाताई हायेत का? आम्ही काशीगावहून आलोय. पत्ता नव्हता, पण त्या म्हणल्या होत्या, जेसल पार्कला तळमजल्याला वेल दिसंल वरपर्यंत, तेच घर. दोन खेपा झाल्या, हॉस्पिटलात दिसल्या न्हाईत. म्हणलं, बघून यावं."

मी काही बोलायच्या आधीच तिची नजर भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे गेली. हाराकडे गेली. ती दारातच खाली बसली.

पाणी दिलं. मग तिनं सांगितलं. तिचं नाव शोभा, ती मूळची नांदेडकडची. मुलीचं नाव वैशाली, तिचाही वॉल बदललाय, दीड वर्ष झालं. तपासणीच्या रांगेत तू त्यांना भेटलीस. ही बाई लेकीला कुणी पाणी दिलं तरी आधी स्वतः चाखायची, म्हणे. तू तिच्याशेजारी जाऊन बसलीस आणि पिशवीतून मायाळूची कांडी काढून दिलीस. "एकटं आम्हालाच न्हाई. रांगेत लई जणांला दिल्या त्यांनी. कुणाच्या डब्यात लागल्या, कुणाच्या न्हाई. आमच्या पत्र्यावर गेलाय आता."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझा चेहरा चुकवायला तू एकटी जातेस.

"आमच्याबद्दल काही बोलायची का?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

शोभा डोळे पुसत होती. वैशाली पहिल्यांदाच बोलली. "मावशी म्हणायच्या, माझी ताई आहे ना घरी, म्हणून मला घाबरावं लागत नाही. माझ्या वाटचं ती घाबरते."

मी उठून आत गेले. गॅस पेटवला, विझवला. परत पेटवला. चहा ठेवला तर दूध नासलं. बाहेर येऊन म्हटलं, "दूध आणते पटकन कोपऱ्यावरून." तर वैशालीच उठली. "मी आणते. दुकान येताना बघितलंय." आईकडे न बघता तिनं चपला घातल्या.

शोभा अर्धी उठली. "थांब, मी येते. गाड्या लई हायेत. ऊन बी हाय."

माझेही पाय उचलले गेले होते, कुंदा. रस्ता खोदलाय, कुत्री आहेत, त्या वळणावर टँकर जोरात येतात, आणि ही पडली, लागलं, तर रक्त थांबायचं नाही. हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. शोभाच्या डोळ्यांतही तेच होतं, मी ओळखलं. मी तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं. "बसा. जाऊ दे तिला."

मुलगी गेली. दार उघडंच होतं. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. तिचा हात माझ्या हातात होता. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, तशी ती दचकली, मीही दचकले. मी तिचा हात आणखी घट्ट धरला. तिला धीर द्यायला की तिला उठू न द्यायला, की मलाच उठता येऊ नये म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

मग कंपाउंडपाशी चपलांचा आवाज आला. दूध घेऊन पोरगी दारात उभी होती, उन्हानं लाल झालेली. आमच्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? अशा काय बसलाय दोघी?"

"काही नाही," मी म्हटलं. "ये आत."